घरातलं एक माणूस पॉझिटिव्ह निघालं, आता काय? : विलगीकरण आणि चाचणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या साथीत नियम इतक्या वेळा बदलले, की सगळेच नियम लोकांच्या डोक्यात एकावर एक साचून राहिले. रुग्णाने घरात किती दिवस वेगळं राहायचं? २०२० साली १० दिवस आणि वर आणखी ७, म्हणजे १७ दिवस सांगितले जायचे. एप्रिल २०२१ मध्ये १० झाले आणि ५ जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या सूचनेत ७. संपर्कातल्या माणसाचे १४ दिवस ते वेगळेच. आजही एकाच ओसरीवर हे चारही आकडे ऐकायला मिळतात. इथे जानेवारी २०२२ चे नियम धरले आहेत. नवी लाट आली आणि नवा आदेश निघाला तर दिवसांचा आकडा त्यातला घ्या. हवा, मास्क, ऑक्सिजनची मोजणी आणि दवाखाना कधी गाठायचा, हे मात्र आदेशागणिक बदलत नाही.

लक्षणं सुरू झाली, रिपोर्ट यायचा आहे. तोवर काय करायचं?

रिपोर्ट येईल तेव्हा येईल. माणूस त्याच घटकेला वेगळं करा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते पुढचे साधारण पाच दिवस माणूस सर्वाधिक विषाणू सोडत असतं. तालुक्याच्या ठिकाणी दिलेला नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाऊन निकाल यायला लाटेच्या दिवसांत दोन-तीन दिवस सहज लागतात. म्हणजे कागद हातात पडेपर्यंत निम्मा संसर्ग वाटून झालेला असतो.

ताप, घसा खवखवणं, कोरडा खोकला, अंग मोडून येणं, वास-चव जाणं, जुलाब, यांतलं एखादं जरी दिसलं आणि आसपास साथ असली तरी पॉझिटिव्ह असल्यासारखंच वागा. "सर्दीच हाय, हवापालट झाला म्हणून" असं म्हणत घरभर वावरू देऊ नका. निगेटिव्ह आलं तर दोन दिवस ओसरीवर झोपणं झालं, एवढंच.

आमचं घर दोन खोल्यांचं. वेगळी खोली कुठून आणायची?

सरकारी सूचनेत "हवेशीर स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह" असं लिहिलेलं असतं. ते ज्याच्याकडे आहे त्याने वापरावं. इतरांनी एवढं ध्यानात घ्यावं की हा आजार मुख्यतः श्वासातून आणि कोंडलेल्या हवेतून पसरतो. त्यामुळे बंद दाराच्या खोलीपेक्षा उघडी ओसरी बरी, आणि ओसरीपेक्षा अंगण.

रुग्णाची बाज ओसरीवर किंवा पडवीत टाका. माळवदाचं घर असेल आणि जिना धड असेल तर रात्री वर झोपता येतं. घरातल्यांनी आत झोपायचं, मधलं दार लावायचं आणि मागची खिडकी उघडी ठेवायची. पावसाळा किंवा कडाक्याची थंडी असेल तर उलट करा: रुग्ण आतल्या खोलीत, बाकीचे ओसरीवर. त्या आतल्या खोलीला खिडकी हवीच. नुसता झरोका असेल तर दार बाहेरच्या बाजूने उघडं ठेवून आडवा पडदा लावा.

एकाच खोलीत झोपण्यावाचून गत्यंतर नसेल तर दोन अंथरुणांत किमान सहा फूट ठेवा, एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय येऊ द्या आणि दोघांनीही मास्क लावा. पंखा रुग्णाकडून खिडकीकडे वाहील असा लावायचा. रुग्णाच्या मागे पंखा ठेवून वारा घरातल्यांच्या अंगावर येऊ दिला, तर पंखाच विषाणू वाटत बसतो.

उन्हाळ्यात कूलरबद्दल हमखास विचारतात. खिडकीत, पाठ बाहेरच्या बाजूला येईल असा बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून तो चालतो. फक्त समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी हवी, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. खोलीच्या आतच ठेवलेला कूलर आणि भिंतीवरचा एसी मात्र तीच हवा फिरवत राहतात.

रुग्णाला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, ठेवलं तर?

हवा, अंतर, मोकळीक, सगळंच तिथे आहे, म्हणून पहिल्या लाटेत पुण्या-मुंबईहून आलेली कितीतरी पोरं आखाड्यावर राहिली. तरुण आणि सौम्य लक्षणांच्या माणसाला हे चालतं. अटी मात्र कडक आहेत. फोनला रेंज हवी, रात्रीचा दिवा हवा, झोपायला बाज हवी (खाली जमिनीवर नाही, साप-विंचवाचं भय खरं आहे) आणि हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवं. साठीच्या पुढचा माणूस, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस, गरोदर बाई, यांना आखाड्यावर एकटं ठेवू नका. ऑक्सिजन उतरतो तो बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात, आणि कित्येकदा धाप न लागता. रात्री दोन वाजता हे कळायला शेजारी माणूस लागतं.

आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर कोणालाच नाही. बाहेर पारा ४२ वर असताना पत्र्याखाली त्याहून जास्त होतं. तापाच्या माणसाला कोरोनाआधी ऊन मारतं.

एकच संडास आहे. कसं करायचं?

रुग्णाने शक्यतो सगळ्यांचं आटोपल्यावर जायचं, मास्क लावूनच जायचं. त्याची बादली आणि मग वेगळा. बाहेर आल्यावर झरोका, दार उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं कोणी आत जायचं नाही. कडी, नळ आणि मगाचा दांडा पुसून घ्यायचा. सगळ्यांनी एकाच वेळी मोरीवर दात घासणं या दिवसांत बंद.

टँकरचं पाणी आठवड्यातून एकदा येतं. दहादा हात कुठून धुवायचे?

हाताला साबण २० सेकंद चोळायचा आहे, नळ २० सेकंद सोडायचा नाही. हात ओले करायला आणि धुवून काढायला मिळून एक तांब्या पुरतो. बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडून ती खुंटीला उलटी टांगली तर त्याहून कमी लागतं. भांडी राखेने किंवा साबणाने नेहमीसारखी घासली की झालं. रुग्णाचं ताट-तांब्या वेगळा ठेवा, पण भांडी फेकू नका, उकळत बसू नका. पाणी कमी असेल तर फरशी दिवसातून तीनदा पुसण्यापेक्षा ते हातांना वापरा. वस्तूंना हात लागून होणारा संसर्ग हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या मानाने फारच थोडा असतो. सुरुवातीला भाजीच्या जुड्या फवारण्यात जी शक्ती गेली ती फुकट गेली.

जंतुनाशक पाणी कसं बनवायचं? ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लिचिंग पावडर) चालते का?

चालते, ताजी असेल तर. विहिरीत टाकायची जी टीसीएल पावडर असते तिच्यात ताजेपणी ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. लिटरभर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम टाकली की एक टक्क्याचं द्रावण होतं. चमच्याचा अंदाज घेऊ नका, किराणावाल्याच्या काट्यावर एकदा तोलून घ्या. प्लास्टिकच्या बादलीत ढवळा, अर्धा तास बसू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा. रोजचं रोज करा. उन्हात किंवा उघडं राहिलं की जोर जातो. पोत्यात वर्षभर पडलेली, ढेकळं झालेली, वास उडालेली पावडर म्हणजे नुसता चुना. दुकानातून ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट आणलं तर एक वाटी त्याची आणि चार वाट्या पाण्याच्या.

हे पाणी कडी, बटणं, मोरी यांना वापरायचं. अंगावर, भाजीवर, माणसांवर फवारायचं नाही. आणि संडासाच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि कोंदट मोरीत तो फुप्फुसं जाळतो.

जेवण-पाणी कोणी द्यायचं?

एकानेच. चोवीस तास एकच ठरावीक माणूस नेमा, शक्यतो लस घेतलेलं, तब्येतीने धडधाकट. आजीला हे काम देऊ नका, ती कितीही हट्ट करू दे. ताट दारात ठेवायचं, मागे सरायचं. खोलीत जावंच लागलं तर एन-९५ मास्क लावून जायचं, रुग्णानेही तोंड झाकायचं आणि पंधरा मिनिटांच्या आत बाहेर यायचं.

जेवताना मास्क उतरतो, म्हणून रुग्णाने एकट्यानेच जेवायचं. घरात पसरायला एका पंगतीचं जेवण पुरेसं होतं.

कोणता मास्क? रुमाल, उपरणं, पदर चालत नाही का?

काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. तीन पदरी सर्जिकल मास्क रुग्णाला. आठ तासांनी किंवा त्याआधी ओला झाला तर बदलायचा. सेवा करणाऱ्याला एन-९५. पट्टी नाकावर दाबून बसवायची. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतोय असं समजा. पुढे झडप असलेला मास्क रुग्णाने वापरायचा नाही, झडपेतून त्याचा श्वास सरळ बाहेर पडतो. वापरलेले मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास बाजूला ठेवायचे आणि मग कचऱ्यात टाकायचे. उकिरड्यावर तसाच फेकलेला मास्क लेकरं खेळायला घेतात.

पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना मास्क लावायचा नाही. ६ ते ११ वयातल्यांना नीट वापरता येत असेल आणि मोठ्यांचं लक्ष असेल तरच.

अँटिजेन आणि आरटी-पीसीआर यांत फरक काय?

अँटिजेन चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, पंधरा-वीस मिनिटांत सांगते, पण विषाणू भरपूर असेल तरच तिला सापडतो. जून २०२० मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पहिलं अँटिजेन किट मान्य केलं तेव्हा त्याच्या तपासणीत खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के निघालं होतं, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचं ९९.३ ते १०० टक्के. या दोन आकड्यांत सगळं आलं. ती "पॉझिटिव्ह" म्हणाली तर विश्वास ठेवा, दुसऱ्या चाचणीची गरज नाही. ती "निगेटिव्ह" म्हणाली आणि लक्षणं असतील, तर आरटी-पीसीआर करा आणि तोवर वेगळं राहा.

लोक नेमकं उलटं करतात. पॉझिटिव्ह आलं की "मशीन खराब हाय" म्हणून दुसरीकडे जातात, आणि निगेटिव्ह आलं की त्याच दिवशी लग्नाला.

आरटी-पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधते, म्हणून जास्त अचूक. तीही चुकते: फार लवकर केली, काडी नाकाच्या तोंडाशीच फिरवली, किंवा नमुना थंड पेटीत न राहता उन्हात पडून राहिला, तर. मार्च २०२० मध्ये मराठवाड्यातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचे. पुढे मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतच सोय झाली.

चाचणी नेमकी कोणत्या दिवशी करायची?

लक्षणं असतील तर पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत कधीही, जितकी लवकर तितकी बरी. लक्षणं नाहीत आणि घरातलं कोणी पॉझिटिव्ह आहे, तर शेवटच्या संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात. दुसऱ्याच दिवशी रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. विषाणू शरीरात शिरलेला असला तरी सापडण्याइतका वाढलेला नसतो. निगेटिव्ह कागद मिळतो आणि माणूस निर्धास्त होतं.

घरातल्या सगळ्यांचीच चाचणी करायची का?

जानेवारी २०२२ च्या सूचनेनुसार लक्षणं नसलेल्या सगळ्यांना गरज नाही. साठीच्या पुढचे आणि जुना आजार असलेले यांची करा. बाकीच्यांनी घरीच राहून तब्येतीवर लक्ष ठेवायचं आणि लक्षण दिसलं की चाचणी. शेवटच्या संपर्कापासून सात दिवस बाहेर जाऊ नका आणि पुढचे तीन दिवस बाहेर पडलात तर मास्क सोडू नका, असा आमचा सल्ला. एकाच खोलीत राहत असाल तर "शेवटचा संपर्क" रोजच होतो, मोजणी रोज पुढे सरकते. वेगळं झोपण्याचा आणखी एक फायदा तो हा.

चाचणीला जाताना काय न्यायचं, खर्च किती?

आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर. नंबर चुकला की निकालाचा संदेश भलत्याच माणसाला जातो, हे फार वेळा घडतं. पोराचा पुण्यातला नंबर देण्याऐवजी घरात जो फोन वाजतो तोच द्या, आणि कर्मचाऱ्याने लिहिलेला नंबर वाचून बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे पैसे लागत नाहीत. खासगी आरटी-पीसीआरचा दर राज्याने साडेचार हजारांपासून उतरवत डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रावर जाऊन दिल्यास ३५० रुपये आणि घरून नमुना नेल्यास ७०० वर आणला होता. जाताना मास्क लावून, शक्यतो दुचाकीवर जा. काळी-पिवळी जीपमध्ये दहा जणांत दाटून चाचणीला जाणं म्हणजे दहा जणांच्या चाचणीची सोय करणं.

घरच्या घरी करायचं किट नीट कसं वापरायचं?

देशात असं पहिलं किट मे २०२१ मध्ये मान्य झालं, पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ, तेव्हाची किंमत २५० रुपये. पुढे इतरही आली. किटच्या कागदावर जे लिहिलंय तेच शेवटचं. साधारण पद्धत अशी.

किट ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवलेलं किट बाद झालं असं समजा. फ्रिजमधून काढलं असेल तर अर्धा तास बाहेर राहू द्या. मुदत बघा. हात धुवून कोरडे करा, नाक शिंकरून साफ करा. द्रव असलेली नळी आधी टेबलावर हलकेच आपटा, म्हणजे द्रव खाली बसतो. काडीच्या कापसाला बोट लावू नका. ती नाकात दोन ते चार सेंटिमीटर, अडेल तिथवर घाला आणि कडेला टेकवून पाच वेळा फिरवा; मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत तशीच. काडी नळीत बुडवून नळी बाहेरून चिमटीत दाबत दहा वेळा घोळवा, खुणेवर मोडा, झाकण लावा. पट्टीच्या छोट्या खळग्यात दोनच थेंब. घड्याळ लावा आणि पंधरा मिनिटांनी बघा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेष धरायची नाही.

"सी" समोर एकच रेष म्हणजे निगेटिव्ह. "सी" आणि "टी" दोन्हींसमोर रेष म्हणजे पॉझिटिव्ह, दुसरी रेष कितीही फिकट असली तरी. "सी" समोर रेषच नाही म्हणजे चाचणी फसली. नव्या किटने पुन्हा करा. चुका होतात त्या ठरलेल्या: काडी टोकाशीच फिरवणं, थेंब जास्त टाकणं, आणि पट्टी कट्ट्यावर ठेवून दुपारी येऊन बघणं. निकाल किटच्या ॲपमध्ये नोंदवायचा असतो. ॲप जमत नसेल तर आशाताईंना कळवा.

सात दिवस कुठून मोजायचे?

नमुना दिला तो दिवस शून्य. सोमवारी नमुना दिला तर मंगळवार पहिला, पुढचा सोमवार सातवा, मंगळवारी बाहेर. रिपोर्ट गुरुवारी आला म्हणून गुरुवारपासून मोजत बसू नका. पण नुसते दिवस भरून भागत नाही, शेवटचे सलग तीन दिवस ताप नको, आणि तोही तापाची गोळी न घेता. सहाव्या दिवशी ताप आला असेल तर सातवा, आठवा, नववा असे तीन दिवस बिनतापाचे जायला हवेत. सुटका दहाव्या दिवशी. खोकला आणि थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यासाठी अडकून राहायचं कारण नाही. बाहेर पडल्यावर मास्क चालू ठेवा.

बाहेर पडण्याआधी निगेटिव्ह रिपोर्ट लागतो का?

नाही. दिवस भरले, ताप नाही, संपलं. आयसीएमआरने मे २०२१ मध्येच सांगितलं की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये. मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात कित्येक आठवडे राहतात आणि चाचणी त्यांनाही पकडते. कामावरच्या मालकाने कागद मागितला तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडून विलगीकरण पूर्ण झाल्याचा दाखला मागा.

आरटी-पीसीआरच्या रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू कमी आहे, म्हणजे आजार जास्त का?

नाही. विषाणूचा अंश सापडायला यंत्राला किती आवर्तनं लागली, एवढंच तो आकडा सांगतो. ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरतात. नमुना कसा घेतला यावरही तो हलतो. आजाराची तीव्रता त्यावरून ठरत नाही.

छातीचा सीटी स्कॅन करून घ्यावा का, "स्कोर" कळेल?

सौम्य लक्षणं आणि ऑक्सिजन चांगला असेल तर नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो कोरा येतो आणि फुकटचा धीर देतो. डॉक्टरांनी सांगितला तरच.

ऑक्सिजन किती वेळा आणि कसा मोजायचा?

दिवसातून चार वेळा, वहीत वेळ घालून लिहायचा. ताप आणि नाडीही. पाच मिनिटं शांत बसा, हात कोमट असू द्या, मधल्या बोटावर ऑक्सिमीटर लावा. नखाला पॉलिश किंवा मेंदी नको. नुकतंच लग्न झालेल्या मुलींचे आकडे त्यामुळे चुकतात. आकडा स्थिरावायला अर्धा ते एक मिनिट थांबा.

यंत्रावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडीचा ९६ हा ऑक्सिजन समजून निर्धास्त राहिलेली घरं थोडी नाहीत. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी टक्क्याची खूण किंवा इंग्रजी एसपीओटू लिहिलेलं असतं. यंत्र उलटं धरलं की इंग्रजी ८६ चा ९८ दिसतो, म्हणून अक्षरं सरळ वाचता येतायत ना ते आधी बघा. शंका आली तर घरातल्या धडधाकट माणसाला लावून पाहा. घरात एकच यंत्र असेल तर प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसून घ्या.

९५ किंवा त्याहून वर ठीक. ९४ आला तर दर तासाला मोजा आणि डॉक्टरांशी बोला. ९३ किंवा कमी आकडा तासाभरात तीनदा आला तर घरी थांबायचं नाही.

चालण्याची चाचणी कशी करतात?

बसून आकडा घ्या. घरातल्या घरात किंवा अंगणात सपाट जागी सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चाला, जिना नको. थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. आकडा तीनपेक्षा जास्त उतरला, ९३ खाली गेला किंवा धाप लागली, तर दवाखाना. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं. बसल्याजागीच ९४ पेक्षा कमी असेल त्याने, आणि दमेकऱ्याने, ही करायची नाही.

कोणती लक्षणं दिसली की १०८ ला फोन करायचा?

ऑक्सिजन ९३ किंवा खाली. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त. माणसाला न सांगता छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजा, कारण मोजतायत हे कळलं की श्वास बदलतो. छातीत सतत दुखणं किंवा दाब. बरळणं, जागं न होणं, घरच्यांना न ओळखणं. १०० अंशांवरचा ताप तीन दिवसांहून जास्त. म्हातारी माणसं कित्येकदा तक्रारच करत नाहीत. अचानक जेवण सोडलं किंवा दिवसभर झोपून राहिली तर तेही लक्षणच धरा. आजारपणात रात्रीचा ताण नको म्हणून गाडी, डिझेल आणि सोबत जाणारा माणूस दिवसाउजेडीच ठरवून ठेवा. सल्ल्यासाठी १०४ आहे.

गाडी येईपर्यंत पालथं झोपवा: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवल्यावर तासभर नाही, गरोदर बाईला नाही, हृदयाचा मोठा आजार असलेल्याला नाही.

घरी कोणती औषधं द्यायची? गल्लीतले डॉक्टर सलाईन लावतो म्हणतात.

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. मोठ्यांना ६५० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर आधी विचारा. पाणी, ताक, पातळ पेज, डाळीचं वरण. भाकरी जात नसेल तर खिचडी. गुळण्या, वाफ यांनी घशाला आराम पडतो, विषाणू मरत नाही. उकळत्या भगोण्यावर लेकरांना वाफ देऊ नका, भाजतात. बीपी-शुगरच्या चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. खाता-पिता येणाऱ्याला सलाईनने काहीही जास्तीचं मिळत नाही, उलट बंद खोलीत चार रुग्ण शेजारी-शेजारी पडतात.

स्टेरॉइड मनाने घ्यायचं नाही. ऑक्सिजन चांगला असताना घेतलं तर अपायच जास्त, आणि मधुमेह्याची साखर उसळते. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे-जबडे गेले, त्यांत मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले फार होते. गालाच्या एकाच बाजूला दुखणं, नाकातून काळसर स्राव, दात हलणं, डोळा सुजणं, हे दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा.

लेकराला झालं तर? आणि आईला झालं, बाळ अंगावर पितंय?

बाळाला अंगावर पाजत राहा. आईने हात धुवून, मास्क लावून पाजायचं. पाजून झाल्यावर बाळ दुसऱ्याकडे द्यायचं. माहेरी आलेल्या बाळंतिणीला बाज-शेगडीच्या कोंदट खोलीत बंद करू नका, खिडकी उघडा.

लहान लेकराला एकटं ठेवता येत नाही, ठेवूही नये. एक मोठं माणूस त्याच्याबरोबर विलगीकरणात जातं, आणि त्याचे दिवसही तसेच मोजायचे. पॅरासिटामॉल वजनावर: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. १२ किलोच्या लेकराला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. सिरप मात्र दोन ताकदींचं मिळतं, ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५०; पहिल्याचे ६ मिली आणि दुसऱ्याचे ३ मिली जवळपास सारखे. जुनी बाटली संपून नवी आणली की डोस पुन्हा तपासा, दुप्पट जातो तो इथेच.

लेकराचा श्वास मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ३० किंवा जास्त असेल, किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध ओढत नसेल, तर दवाखाना. बरं झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा चढा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, पोटात दुखणं असं झालं तर डॉक्टरांना आधीचा कोरोना आवर्जून सांगा.

सगळं घरच पॉझिटिव्ह आहे. आता एकमेकांपासून वेगळं राहायचं का?

नाही, तुम्ही सगळे एकत्र राहू शकता. दिवस मात्र प्रत्येकाचे वेगळे मोजा. जनावरांचं चारा-पाणी, धार काढणं घरातल्या सर्वांत बऱ्या माणसाने मास्क लावून, गोठ्यात कोणी नसताना करायचं. दूध डेअरीवर शेजाऱ्यामार्फत पाठवा. रेशनच्या रांगेत कोणी जायचं नाही.

ऊसतोडीला गेलेल्या टोळीत कोणी आजारी पडलं तर?

कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, इतकी ठेंगणी आणि कोंदट असते की आत वेगळं राहणं जमतच नाही. आजाऱ्याची कोपी टोळीपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पन्नास पावलांवर घाला, मुकादमाला त्याच दिवशी सांगा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात चाचणी करा. गाव कुठलंही असो, चाचणी आणि उपचार तिथेच मिळतात. जिल्हा वेगळा म्हणून परत पाठवता येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टोळीबरोबर गावी परतणं सर्वांत घातक, कारण तो आजार मग वस्तीवर उतरतो. जोडीदारानेही कोयता खाली ठेवायला हवा. मजुरी बुडते हे खरं आहे, आणि उचल फिटायची असते तेव्हा सात दिवस किती मोठे होतात तेही. पण तापात ऊस तोडणारा माणूस चौथ्या दिवशी पडतो आणि महिना बुडतो.

घरी राहायचं की कोविड केंद्रात, हे ठरवतं कोण?

डॉक्टर. लक्षणं सौम्य असायला हवीत, घरात जागा आणि सेवा करणारा माणूस असायला हवा. साथ आवरेना तेव्हा सरकार घरची मुभा काढूनही घेऊ शकतं: मे २०२१ मध्ये राज्याने १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद केलं, त्यात मराठवाड्यातले बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) होते. तेव्हा केंद्रात जावं लागलं तर चालू गोळ्या, चार्जर, वही, आधार, तांब्या आणि अंथरूण-पांघरूण एका पिशवीत आधीच भरून ठेवलेलं बरं.

सगळं संपल्यावर खोलीचं काय करायचं?

दारं-खिडक्या दिवसभर उघड्या टाका. गोधडी, चादरी साबणाने धुवून उन्हात टाका. गादी नुसती उन्हात. कडी, बटणं, रिमोट पुसून घ्या. बाज पाण्याने धुवून पुन्हा तिच्या जागी. धुरी, कडुलिंबाचा पाला, रंगरंगोटी यांची गरज नाही.